किणी मोटर्सचे मोर

गाडी दिसली पाहिजे, दिवा दिसता कामा नये, असं कौस्तुभचं म्हणणं होतं. जो दिवा दिसतच नाही तो लावायचा कशाला, असं ॲन्सेल्मचं. हरेश्वर किणी यांना दोघांचंही पटत होतं, आणि पुढे वसईच्या गास रस्त्यावर जे काही घडलं त्याचं मूळ या एका समंजसपणात आहे.

किणी मोटर्स हे नाव पाटीवर आलं होतं, पण शोरूम अजून पुरतं किण्यांचं झालं नव्हतं. हरेश्वररावांनी गासची केळीची वाडी बिल्डरला विकली आणि आलेल्या पैशात रस्त्याला लागून शोरूम काढलं. कंपनीनं एजन्सी दिली, पण तात्पुरती. कायम करण्याआधी पुण्याहून अधिकारी येणार, संध्याकाळी येणार, आणि अंधारात रस्त्यावरून गाड्यांची पहिली रांग दिसते की नाही ते पाहणार. कंपनीचा हिशेब सरळ होता. वसईचा माणूस दिवसा मुंबईत असतो. तो गाडी बघणार ती घरी परतताना. रांग दिसली तर एजन्सी कायम. नाही दिसली तर एजन्सी जाणार, आणि वाडी तर आधीच गेली होती.

अडचण अशी की संध्याकाळी लाइट नसे. त्या वर्षांत आमच्याकडे संध्याकाळी लाइट जाणं ही बातमी नव्हती. एखाद्या दिवशी गेली नाही तरच लोक अस्वस्थ होत, की आता ही जेवताना जाणार.

म्हणून कौस्तुभनं एलईडी काढले. कौस्तुभ हा किणी मोटर्सचा मॅनेजर, सेल्समन आणि एकमेव इंजिनीअर. नायगावच्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर राहत असे, त्यामुळे लोडशेडिंगचा अभ्यास त्याच्या पायांनी केलेला होता. एलईडी करंट कमी खातात, इन्व्हर्टरवर सुद्धा आरामात चालतात, हे त्यानं किण्यांना समजावलं. किण्यांनी तोवर एलईडी पाहिला होता तो टीव्ही बंद केल्यावर खाली राहणारा लाल ठिपका.

"त्या ठिपक्यावर गाडी कशी दिसणार रे?" त्यांनी विचारलं.

कौस्तुभनं मुंबईच्या लोहार चाळीतल्या दिव्यांच्या बाजारातून एक दिवा आणून लावून दाखवला. किण्यांनी थेट त्यात पाहिलं आणि मग बराच वेळ त्यांना कौस्तुभ दिसेना. "चालेल," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

लावायचं काम अर्थातच ॲन्सेल्म तुस्कानोकडे गेलं. चर्चचा सण असो, गणपती असो, अंडरआर्म क्रिकेटचे रात्रीचे सामने असोत, माणिकपूरपासून गासपर्यंत जिथे झगमगाट तिथे ॲन्सेल्मचा टेम्पो उभा. लग्नं तर सगळी त्याचीच. त्याचं मोराचं गेट पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. कमानीच्या दोन बाजूंना दोन मोर, त्यांचे पिसारे आळीपाळीनं उघडत, आणि मध्ये एक मोठं लाल हृदय. हृदयात डावीकडे नवऱ्याचं नाव, उजवीकडे नवरीचं, मधून बाण. हे सगळं हल्ली त्यानं चिनी एलईडीच्या माळांनी मढवलं होतं, त्यामुळे कौस्तुभ एलईडीबद्दल सांगू लागला की तो दुसरीकडे पाहत असे.

शोरूमच्या अंगणात बैठक भरली. कौस्तुभनं नकाशा उघडला.

"दिवे खांबांवर. पुढून, तिरके. उजेड बॉनेटवर पडला पाहिजे, रस्त्यावरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत नाही. आणि खांब काळे रंगवायचे, म्हणजे ते दिसणार नाहीत."

"दिवा दिसणार नाही, खांब दिसणार नाही," ॲन्सेल्म म्हणाला. "शेठ, मग मला पण काळा रंग लावा. काम केलंय असं कुणाला वाटायला नको."

ॲन्सेल्मनं किण्यांना 'शेठ' म्हटलं होतं. वाडी विकून टाकली तरी गाव त्यांना 'हरेश्वर केळीवाला' म्हणत असे. शेठ म्हणणारा हा पहिला. एका शब्दानं माणूस किती मऊ होतो हे ॲन्सेल्मला धंद्यातून कळलेलं होतं.

"तुझं काय म्हणणं आहे?" किण्यांनी प्रेमानं विचारलं.

"मोर."

"इथे?" कौस्तुभ म्हणाला. "हे कार शोरूम आहे, ॲन्सेल्म."

"मग कारखाली लावतो का? गेटला लावतो ना. माणूस आधी आत आला पाहिजे. नंतर तुझं बॉनेट बघेल, डिकी बघेल, काय बघायचं ते बघेल."

"अरे पण कंपनीचे नियम—"

"कंपनी काय सांगते? दिसलं पाहिजे. मोर नाही दिसले तर माझं नाव बदल."

किण्यांनी डोळे मिटून विचार केला. त्यांच्या वडिलांना वाडीत शेणखत घालावं की युरिया, असा प्रश्न पडला तेव्हा वडिलांनी दोन्ही घातलं होतं. केळी आडवी झाली होती, हे त्यांना या क्षणी आठवलं नाही. "दोन्ही करू," ते म्हणाले.

मग हृदयाचा प्रश्न आला. ते काढता येत नव्हतं, कारण दोन्ही मोर त्याच्याच आधारानं उभे होते. रिकामंही ठेवता येत नव्हतं. शेवटी डावीकडे 'किणी' आणि उजवीकडे 'मोटर्स' असं ठरलं. बाण तसाच राहिला.

तपासणीचा दिवस जानेवारीतला शनिवार ठरला. त्याच शनिवारी व्हिन्सेंट रुमावच्या मुलीचं, जीनाचं लग्न होतं. व्हिन्सेंट हा हरेश्वररावांचा शाळेतला बाकसोबती. त्याचं घर आणि मांडव शोरूमच्या पुढच्या वळणावर. चारला चर्चमध्ये मिस्सा, सातला रिसेप्शन. गेले दोन महिने व्हिन्सेंट भेटेल त्याला सांगत होता, "गेट मोराचं आहे बरं का." आणि मोरांची जोडी एकच होती.

ॲन्सेल्मनं आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. त्यानं दोघांनाही हो म्हटलं होतं. शुक्रवारी त्यानं मोर किणी मोटर्सला लावले आणि व्हिन्सेंटच्या मांडवाला जुने राजहंस.

"हे काय?" व्हिन्सेंटनं विचारलं.

"राजहंस. पक्षीच आहेत, अंकल. पाण्यात पण चालतात."

लग्नघरात भांडायला वेळ नसतो. व्हिन्सेंटनं भांडण सोमवारवर ढकललं.

इथे आमच्या भागातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे लग्नपत्रिकेवर पत्ता छापतात, पण तो वाचायची पद्धत नाही. गावाचं नाव कळलं की पुरे. संध्याकाळी रस्त्याला लागायचं आणि उजेड दिसेल तिथे वळायचं. गेटवर कुणाची नावं आहेत तेही पाहायचं नसतं, कारण गेटखाली उभं राहून वर वाचत बसणारा माणूस न बोलावता आल्यासारखा दिसतो. शिवाय लोडशेडिंगमध्ये चूक व्हायचा प्रश्नच नसे. गाव अंधारात, आणि जिथे जनरेटर तिथे लग्न.

शनिवारी साडेसहाला सुमेधा नातू आल्या. पुण्याच्या, तरुण, हातात उजेड मोजायचं यंत्र. किण्यांनी त्यांना नारळपाणी दिलं. ॲन्सेल्म स्वतः हजर होता; व्हिन्सेंटच्या मांडवातला जनरेटर चालू करायला त्यानं माणूस ठेवला होता. मॅडम मोरांकडे कशा बघतात ते बघायला त्याला थांबायचं होतं.

मॅडमनी मोरांकडे पाहिलं. मग हृदयाकडे. मग बाणाकडे.

"हे कंपनीच्या डिझाइनमध्ये आहे?"

"नाही," कौस्तुभ म्हणाला. "हे अ‍ॅडिशनल आहे."

तेवढ्यात लाइट गेली. रस्ता, दुकानं, मागच्या इमारती, सगळं एकदम नाहीसं झालं. उरलं ते किणी मोटर्स. इन्व्हर्टरनं एक हुंकार दिला, काळ्या खांबांवरून पांढरा उजेड बॉनेटांवर अलगद उतरला, पहिली रांग बर्फातून काढल्यासारखी दिसू लागली. कौस्तुभला आपल्याच डोळ्यांत पाणी येईलसं वाटलं. मॅडम यंत्र घेऊन रांगेतून फिरू लागल्या. "गुड," त्या म्हणाल्या. "व्हेरी गुड. पण इथे माणूस नाहीये एकही."

माणूस नव्हता हे खरंच होतं. सहा महिन्यांत दोन गाड्या विकल्या होत्या. एक जावयाला आणि एक स्वतःला.

वळणावरच्या मांडवात या वेळी जनरेटर सुरू व्हायला हवा होता. झाला नाही, कारण तो फिरवायचं हँडल टेम्पोत होतं आणि टेम्पो शोरूमच्या मागे उभा होता. राजहंस अंधारात बुडाले. आणि गास रस्त्यावरून नटूनथटून निघालेल्या लग्नाच्या पाहुण्यांना सगळ्या मुलखात एकच उजेड दिसला. त्या उजेडाला दोन मोर होते.

पहिली आली लुसी. व्हिन्सेंटची मावसबहीण, जांभळ्या गाउनमधली, मिस्सा चुकवून थेट जेवणाला आलेली. तिच्यामागे तिचे यजमान, मग दोन रिक्षा, मग एक अख्खी जीप.

"या, या!" किणी धावले. गेल्या सहा महिन्यांत त्यांनी हा शब्द असा दोनदा कधी वापरला नव्हता.

लुसीनं त्यांच्या हातात फुलांचा गुच्छ ठेवला. मग पद्धत मोडून तिनं वर पाहिलं आणि यजमानांच्या कानाशी लागली. तिचं कानाशी लागणं रस्त्यापलीकडे ऐकू जाई.

"किणी! पोरगा किणी आहे! व्हिन्सेंट काही बोलला नाही कुणाला."

"चांगली माणसं असतात," यजमान म्हणाले. "वेजिटेरियन नसलं म्हणजे झालं."

पाव तासात अंगण भरलं. सूटबूट, साड्या, अत्तर. पाहुण्यांना बसायला खुर्च्या दिसेनात, म्हणून ते गाड्यांत बसले. मागच्या सीटवर तीन म्हाताऱ्यांनी दारं लावून घेतली आणि गप्पा सुरू केल्या. कुणी डिकी उघडून आत प्रेझेंट ठेवलं. एकानं हॉर्न वाजवून पाहिला, मग सगळ्यांनीच.

सुमेधा मॅडम एका खांबाला टेकून उभ्या होत्या. "मिस्टर किणी, रोज एवढी गर्दी असते?"

किणी आयुष्यात खोटं बोलले नव्हते. वाडीत तशी वेळ येत नसे. "आज शनिवार आहे," ते म्हणाले. आज शनिवार होताच.

"आणि सगळे कुटुंबासकट?"

"आमच्याकडे गाडी एकटा माणूस बघत नाही," कौस्तुभ म्हणाला. त्याच्या लक्षात सगळं आलं होतं. इंजिनीअर असल्यामुळे तो खूप घाबरला होता. सेल्समन असल्यामुळे हसत होता.

मग बँड आला. पितळी बँड, लाल कोट, आणि त्याच्यामागे फुलांनी झाकलेली नवरा-नवरीची गाडी. ती दुसऱ्या कंपनीची होती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवत तिला वाट करून दिली आणि ती सरळ पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली.

"ही?" मॅडमनी विचारलं. "एक्स्चेंजला आली?"

"हो," कौस्तुभ म्हणाला.

"बँड लावून?"

"जुनी गाडी आहे. लळा असतो."

गाडीतून जीना उतरली. पांढरा झगा सावरत तिनं गाड्यांच्या रांगेकडे पाहिलं, मोरांकडे पाहिलं, हृदयातली नावं वाचली आणि नवऱ्याला म्हणाली, "अंधारामुळे पप्पांनी जागा बदलली वाटतं. पण मोर आले बघ." नवरा अर्नाळ्याचा होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्या दिवशी काही विचारायचं नाही असं त्याला घरून सांगितलेलं होतं.

व्हिन्सेंट आला तो टॉर्च घेऊन, चालत, सुटाची पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. अंधारात वाट चुकून तो शेताच्या पाटात उतरला होता.

"हरेश्वर! माझी पोरगी तुझ्या दुकानात काय करते?"

किण्यांनी त्याला हाताला धरून मोराच्या पिसाऱ्यामागे नेलं. "हळू बोल. पुण्याच्या मॅडम आल्यात."

"माझ्या मांडवात सासरच्यांपैकी पाच माणसं बसलीत. अंधारात! केकला मुंग्या लागल्या. आणि तू इथे माझ्या मोराखाली—"

"व्हिन्सेंट. अर्धा तास. ही गर्दी अर्धा तास राहू दे, मग सगळे घेऊन जा. वाडी गेली रे माझी. हे पण गेलं तर मी करू काय?"

व्हिन्सेंटनं त्याच्याकडे पाहिलं. दोघं एका बाकावर सात वर्षं बसले होते आणि सात वर्षं किण्यानं त्याची गणितं उतरवली होती.

"तिथे नेऊन पण काय करू," तो शेवटी म्हणाला. "काळोखात टोस्ट देऊ? तुझ्याकडे लाइट आहे, मोर तर माझेच आहेत. इथेच करतो." आणि तो वळून बायकोला ओरडला, "रोझलिन! केक इकडे आण!"

"अरे, इथे कुठे—"

"मग मॅडमना सांगू का, हे लोक कशाला आलेत?"

केक आला. टेबल नव्हतं, म्हणून तो पहिल्या रांगेतल्या सर्वांत महाग गाडीच्या बॉनेटवर ठेवला. कौस्तुभनं बॉनेटवर पाडलेला उजेड केकवर असा काही पडला की फोटोग्राफरनं आयुष्यात पहिल्यांदा फ्लॅश बंद केला. जीनानं केक कापला. बँडनं टोस्टची धून वाजवली, ग्लास वर झाले, आणि कुणीतरी मॅडमच्या हातातही एक दिला.

"हे काय आहे?" त्यांनी ॲन्सेल्मला विचारलं.

"वाइन. घरची."

"म्हणजे, हा कार्यक्रम काय आहे?"

ॲन्सेल्मनं कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं, तसं कुणाला उत्तर दिल्याशिवायही सोडलेलं नव्हतं. "आनंदाचा आहे, मॅडम. इथे गाडीजवळ आनंद करायची रीत आहे."

मॅडम विचारात पडल्या. मग त्यांनी यंत्र पर्समध्ये ठेवलं. काळ्या खांबांखाली उजेड कंपनीच्या नियमापेक्षा दुप्पट होता आणि त्याच्यासाठी कुत्रंही आलं नव्हतं. मोरांखाली तो निम्मासुद्धा नव्हता आणि तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी पुण्याच्या वरिष्ठांना फोन लावला. बँडमुळे त्यांना ओरडावं लागलं, त्यामुळे किण्यांना सगळं ऐकू आलं.

"सर, कायम करायला काहीच हरकत नाही! नाही सर, लाँच नाही, नेहमीचाच शनिवार! लोक गाड्यांतून उतरायला तयार नाहीत!"

फोन ठेवून त्या किण्यांकडे आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "अभिनंदन, मिस्टर किणी. एजन्सी कायम."

हरेश्वररावांनी दोन्ही हातांनी तो हात धरला. लुसीला वाटलं मुलाचा बाप भावूक झाला आहे. तिनंही डोळे पुसले.

"फक्त एक," मॅडम म्हणाल्या. "असं लोकेशन असताना महिन्याला चार गाड्यांचं टार्गेट म्हणजे तुमच्यावर अन्याय आहे. मी चाळीस सुचवलंय. सरांनी लगेच हो म्हटलं."

त्या गेल्या. साडेआठला ॲन्सेल्मला हँडल आठवलं, जनरेटर सुरू झाला, आणि बँडच्या मागून सगळी वरात मांडवात जेवायला गेली. किणीही गेले. त्यांना व्हिन्सेंटनं मुख्य टेबलाशी बसवलं, आणि सोमवारचं भांडण तिथेच संपलं. कौस्तुभ मागे राहून बॉनेटवरचं क्रीम पुसत होता. मागच्या सीटवरच्या तीन म्हाताऱ्या त्याला नंतर सापडल्या. दोघी झोपल्या होत्या.

पुढचा आठवडा कोरडा गेला. अंगणात रोज संध्याकाळी पहिली रांग चमकत असे, मोरांचे पिसारे उघडत-मिटत असत, आणि रस्त्यावरून जाणारा जो तो थांबून आत पाहून विचारी, "आज कुणाचं?" कुणाचं नाही म्हटल्यावर पुढे जाई. किणी चाळीस हा आकडा उच्चारत नसत. कौस्तुभही नसे.

रविवारी लुसी आली. यजमानांसह, मुलीसह. किणी खुर्चीतून उठले. "या, या. कुठली बघायची? ती पांढरी? त्या दिवशी आपण तिच्यात बसला होता ना."

"पांढरी राहू दे," लुसी म्हणाली. "फोटोत चांगली दिसते. निळी तेवढी मागे घ्या, माझ्या गाउनला मॅच नाही होत."

"म्हणजे?"

"ईस्टरनंतरचा पहिला शनिवार. हिचं ठरलंय. पाचशे माणसं होतील. जनरेटरचा आवाज नाही, उजेड कसा दुधासारखा, शिवाय बसायला गाड्या. रोझलिनच्या अल्बममधले फोटो बघून सगळे विचारतात, हॉल कुठला." मग ती जरा पुढे झुकली. "आणि किणीसाहेब, मोर पाहिजेत. राजहंस मी चालवून घेणार नाही."

किण्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, मोरांकडे पाहिलं. वाडीत केळफूल आलं की घड मोजायच्या आधी ते असेच बघत राहत. अंगण केवढं आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. गाड्या दोन ओळींत लावल्या तर स्टेजला जागा होत होती.

"ईस्टरनंतरचा पहिला शनिवार," त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. "मोकळा आहे."

लुसी गेल्यावर कौस्तुभ पुढे आला. पुण्याहून दर सोमवारी फोन येई. किती लोक आले, किती गाड्या गेल्या.

"साहेब, उद्या मॅडमना काय सांगू?"

किणी गेटखाली उभे राहून मोर मोजत असल्यासारखे वर बघत होते.

"सांग," ते म्हणाले, "चौकशी आहे. पाचशे माणसांची."